मला दिसतंय

३ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाला, रोज थोडं लिहीत जा, मनातलं बाहेर पडलं की रक्तदाब उतरतो. हा गृहस्थ पेशंट बोलत असताना खिडकीबाहेर बघतो आणि औषधाचं नाव दोनदा चुकतो. माझ्या मनातलं बाहेर पडलं तर माझा रक्तदाब उतरेल, पण बाकी साऱ्या बंदराचा चढेल, हे त्याला कोण सांगणार! नवऱ्यानं मात्र लगेच वही आणून टेबलावर ठेवली. ज्यात बोलावं लागत नाही अशी कामं तो मन लावून करतो.

लिहिण्यासारखं घडलं ते एवढंच, की साहेबांनी आज धुक्याच्या मोसमातली जहाजांची ये-जा माझ्या हाती दिली. साहेब म्हणजे आमचे बंदर अधिकारी. खुर्चीतून उठणं ही त्यांची दिवसातली सगळ्यात मोठी कारवाई. गेल्या मोसमात दोन जहाजं वळणावर एकमेकांना घासून गेली, तेव्हा हे वरच्यांना म्हणाले होते, "निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?" निसर्गानं आणली होती का ती जहाजं एकमेकांसमोर? आज बैठकीत मी हे तोंडावर बोलले. सगळे टेबलाकडे बघत बसले. साहेब म्हणाले, "मग तुम्हीच बघा."

बघतेच.

५ नोव्हेंबर

समजावून समजावून घसा बसला. इतकं सोपं आहे, शेंबड्या पोरालाही कळेल. समुद्रातून आत येणारा मार्ग टेकडीला वळसा घालून धक्क्याकडे येतो. वळण अरुंद. एरवी समोरचं जहाज दिसतं, बाजूला होता येतं. धुकं उतरलं की स्वतःच्या बोटीचं नाक दिसत नाही. मग उरतात तीन गोष्टी: रडार, भोंगा आणि टॉवरमधून वायरलेसवर बोलणारे आम्ही. म्हणून माझा नियम असा, की धुक्यात वळणात एका वेळी एकच बोट. मी "या" म्हटल्याशिवाय दुसरीनं शिरायचं नाही. दोन बोटी एका वळणात नसल्या तर त्या आदळणार कशा?

कॅप्टन मंडळींनी माना डोलावल्या. माझ्यासोबत पाळीला असतो तो सहकारीही डोलला. या माणसाचं नाव मी "तथास्तु" ठेवलंय. पन्नाशी उलटली, पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत "बरोबर आहे मॅडम" म्हणायची सवय गेली नाही. मी उद्या म्हटलं की समुद्र उकळायला ठेवा, तर हा गॅस शोधेल.

९ नोव्हेंबर

आज वायरलेसवर "पाल्हाळ"; हे नाव मीच ठेवलंय. हा वाळूच्या बार्जचा तांडेल. बार्ज म्हणजे काय, इंजिन लावलेला डबा. पण हा बोलतो असा, जणू आरमार घेऊन निघालाय.

"ताई, नमस्कार. निघालो बरं का आम्ही. वाळू आज जरा जास्तच भरली, बोट बसलीय खाली. इथं धक्क्यापाशी धुकं पातळ आहे, पण टेकडीच्या पोटाशी बघा, पिंजलेल्या कापसासारखं साचलंय. मेहुणा आहे सोबत, त्याला रात्रभर खोकला…"

मी म्हटलं, "मी तुमची ताई नाही. मी कंट्रोल आहे. बोटीचं नाव, जागा, दिशा. बाकी तुमच्या मेहुण्याला सांगा."

त्यानं घसा खाकरला. मग म्हणाला, "बरं, ताई."

याउलट फेरीबोटीचा कॅप्टन. त्याला मी "इस्त्री" म्हणते. गणवेशाला इस्त्री, मिशीला इस्त्री, भाषेला इस्त्री. "कंट्रोल, फेरी. वळणापाशी. परवानगी?" संपलं. दोनशे माणसं वाहतो, पण एक शब्द वाया घालवत नाही. बंदरात डोकं असलेला एक तरी माणूस आहे म्हणायचा.

१७ नोव्हेंबर

मोसमातलं पहिलं खरं धुकं. टॉवरच्या काचांबाहेर दूध ओतल्यासारखं. खालचा धक्काही दिसेना. चार बोटी अडकवून ठेवल्या, एकेक सोडली. कुणाला ओरखडा नाही.

पाल्हाळानं मात्र आज कहर केला. वळणात शिरताना बोलला, वळणात असताना बोलला, वळणातल्या तरंगत्या खुणेच्या पिंपाजवळून, म्हणजे बोयाजवळून, जाताना बोलला, बाहेर पडल्यावर तर कीर्तनच लावलं: "निघालो ताई सुखरूप, देवाची कृपा, बोया डाव्या हाताला इतका जवळ होता की…" मोठं मालवाहू जहाज माझ्या उत्तरासाठी ताटकळत होतं. माझा संयम सुटला. उघड्या चॅनलवर, सगळं बंदर ऐकत असताना म्हटलं, "अहो, तुम्ही बार्ज चालवता की भोंगा? तुमच्या तोंडाला नांगर टाकायची काही सोय आहे का? तुम्ही शिरलात ते मला दिसतं. बाहेर पडलात तेही दिसतं. इथं आरती ओवाळायला बसवलेलं नाही आम्हाला. यापुढे बाहेर पडल्याचं कुणीही कळवायची गरज नाही. मला दिसतंय."

दोघातिघांनी वायरलेसचं बटण दाबून दात काढलेले ऐकू आले. इस्त्री म्हणाला, "कंट्रोल, समजलं." तथास्तु माझ्याकडे बघून हसला, पण त्याचं हसू नेहमीपेक्षा उशिरा आलं. मंदबुद्धी माणसाला विनोदही उशिराच कळतो.

२४ नोव्हेंबर

आठवडाभर रोज सकाळी धुकं, आणि चॅनल कसा चकचकीत! पाल्हाळ आता म्हणतो, "बार्ज. वळणात." बस. ताई नाही, कापूस नाही, मेहुण्याचा खोकला नाही. त्याचं बघून बाकीच्या होड्याही शहाण्या झाल्या. पूर्वी पहाटेपासून बाजार भरायचा: इकडे लाट उठली, तिकडे लाकडाचा ओंडका तरंगतोय, अमक्याचं इंजिन धापा टाकतंय. आता सुई पडली तर ऐकू येईल. वीस वर्षांत कुणाला जमलं नाही ते मी एका वाक्यात केलं.

साहेबांनी येऊन पाठ थोपटली. "शिस्त आली हो!" त्यांना शिस्त ओळखता येते हेच नवल.

घरीही शांत असतं हल्ली. मुलगी कॉलेजातून येते, सरळ बापाच्या खोलीत जाते. दोघांचं काय गुलुगुलु चालतं कोण जाणे. मी गेले की गप्प. बरंच आहे. मला कामावरून आल्यावर बडबड नकोच असते.

२ डिसेंबर

शेजारीण लिफ्टमध्ये म्हणाली, "मुलीनं इंजिनीअरिंग सोडून नर्सिंग घेतलं ना? धाडसाची आहे हो."

मी म्हटलं, "हो, आम्हीच सांगितलं तिला."

घरी येऊन नवऱ्याला धरलं. माहीत होतं त्याला. जूनपासून! म्हणाला, "ती तुला सांगायला यायची. तू तिचं वाक्य मध्येच पुरं करायचीस. तिनं 'आई, मला वाटतं' म्हटलं की तू पुढचं स्वतःच म्हणायचीस, आणि त्याला उत्तरही द्यायचीस. मग ती म्हणाली, जाऊ दे."

जाऊ दे म्हणे! माझ्या घरात माझ्याविरुद्ध कट, आणि वर सारा दोष माझ्या वेगाचा. लोक इतके संथ बोलतात की वाक्य कुठं निघालंय ते मला आधीच कळतं, यात माझा काय गुन्हा? मुलीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "आता कळलं ना?" आणि दार लावून घेतलं. भित्री पिढी. बापावर गेलीय.

८ डिसेंबर

तथास्तुला आज अक्कल फुटली. म्हणतो, "मॅडम, रडारवर टेकडीमागचे बोटींचे ठिपके बोयाच्या ठिपक्यात मिसळतात कधीकधी. बोटी बाहेर पडल्याचं कळवायच्या तेव्हा जरा…"

"जरा काय?"

"नाही, बरोबर आहे. तुम्हाला दिसतंच."

एवढंच. एक वाक्य धड शेवटपर्यंत नेता येत नाही आणि म्हणे रडार शिकवतो.

इस्त्री आज वळणातून नेहमीपेक्षा जोरात गेला. विचारलं तर उत्तर लगेच: "कंट्रोल, फेरी. वेग कमी केला आहे." पडद्यावर तसं फारसं दिसत नव्हतं. पण ज्या माणसाला नेमकं बोलता येतं त्याला नेमकं चालवताही येतं. त्याचं त्याला कळतं.

११ डिसेंबर

फेरी वळणात बार्जवर आदळली. बार्ज बुडाली.

मी नियमाप्रमाणेच सगळं केलं. आज यापेक्षा जास्त लिहिवत नाही.

१२ डिसेंबर

शांतपणे लिहिते. पुढे चौकशीत उपयोगी पडेल.

सकाळी धुकं दाट. पाल्हाळानं कळवलं, "बार्ज. वळणात." मी फेरीला बाहेर थांबवलं. थोड्या वेळानं वळणापलीकडे एक ठिपका बाहेर पडताना दिसला. बार्ज बाहेर पडायला हवी त्याच वेळेला, त्याच दिशेनं, त्याच वेगानं. म्हणजे बार्ज बाहेर गेली. तेवढ्यात बाहेरच्या मोठ्या जहाजाचा परदेशी कॅप्टन पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत होता. त्याला मराठी येत नाही, आणि इंग्रजी येते असा त्याचा गैरसमज. त्याच्याशी डोकं फोडून झाल्यावर मी फेरीला म्हटलं, "या."

तथास्तु पुटपुटला, "मॅडम, बोयाजवळचा ठिपका जरा जाड…"

मी म्हटलं, "मला दिसतंय."

फेरी आत शिरली. मग इस्त्रीचा आवाज आला. त्यात इस्त्री नव्हती. "घंटा! घंटा ऐकू येतेय समोर! कंट्रोल, समोर काय आहे?" थांबलेल्या बोटीनं धुक्यात घंटा वाजवायची असते. मी पडद्याकडे बघितलं. बोयाजवळचा ठिपका जाडच होता. मी "इंजिन उलटं घ्या" म्हणायच्या आत आवाज आला. टॉवरवरसुद्धा आला तो. लोखंडावर लोखंड. आणि मग बराच वेळ काहीच नाही.

नंतर कळलं ते असं. पाल्हाळाच्या बार्जच्या पाण्याखालच्या पंख्यात तुटकं जाळं अडकलं, इंजिन बंद पडलं. त्यानं बोयाला खेटून नांगर टाकला. मला बाहेर पडताना दिसला तो ठिपका कुणा मच्छीमाराचा. परवानगी न घेता काठाकाठानं निघाला होता लेकाचा. फेरीनं बार्जचा मागचा भाग फोडला. पाल्हाळाचा मेहुणा पाण्यात पडला, तो बोयाला मिठी मारलेला सापडला. पाल्हाळाचा पाय दोन लोखंडांच्या मध्ये सापडला. फेरीवर कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा खांदा मोडला. दोनशे माणसं. दैव म्हणून बुडाली नाहीत.

चूक कुणाची ते उघड आहे. नांगर टाकलास तर कळवायला तोंड नव्हतं का? एरवी मेहुण्याचा खोकलासुद्धा कळवणारा माणूस.

१४ डिसेंबर

हॉस्पिटलात गेले. जायला नको होतं. तिथं भेटीची वेळ संपली असं सांगायला पाच माणसं असतात आणि वॉर्ड कुठं ते सांगायला एक नसतं.

पाल्हाळाला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मला वाटलं होतं, थोराड, मिशाळ, ढेरपोट्या असेल. निघाला बारीक, टकलावर चार केस. घोट्याखाली पाय नाही. पायथ्याशी बायको बसलेली.

मी सरळ विचारलं, "नांगर टाकल्यावर कळवलं का नाहीत?"

तो म्हणाला, "कळवलं होतं."

"कुणाला?"

"तुम्हाला. हाक मारली. तुम्ही म्हणालात, थांबा. मी थांबलो."

"आणि मग?"

"मग थांबलोच. तुम्ही कामात होतात. पुन्हा मध्येच बोललो असतो तर…" त्यानं वाक्य सोडलं. "घंटा वाजवत होतो. मला वाटलं, तुम्हाला दिसतोय मी. तुम्ही म्हणाला होतात ना, सगळं दिसतं."

निव्वळ खोटं. मी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. संकटात सापडला की माणूस दुसऱ्याच्या गळ्यात घोंगडं टाकतो, नवं नाही. मी उठले. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला दोन शब्द सुनावता आले असते.

१५ डिसेंबर

मला आठवत नाही, कारण मी म्हटलंच नाही.

मुलगी आज स्वतःहून माझ्या खोलीत आली. "आई, तुला भीती वाटली का गं तेव्हा?"

"भीती कशाची? माझं काम मला…"

"बरं," ती म्हणाली, आणि चहाचा कप ठेवून गेली. कप ठेवायला आली होती की विचारायला, ते कळलं नाही. चहा गार झाल्यावर प्यायले.

१९ डिसेंबर

चौकशी. तिघे जण. मधला निवृत्त कॅप्टन, सर्दीनं बेजार, दर वाक्याला नाक पुसणारा. डावीकडचा झोपलेला. उजवीकडची बाई माझ्याहून तरुण, पेन्सिलला टोक काढत बसलेली. यांच्यापुढे मी उभी.

इस्त्रीला आधी विचारलं. वेग किती होता? म्हणाला, "परिस्थितीला साजेसा." त्यांनी रडारची नोंद समोर ठेवली. मग तो घामानं भिजला आणि म्हणाला, "फेरीला उशीर झाला की लोक ओरडतात." दोनशे माणसं घेऊन हा धुक्यात दामटत होता, आणि मला रोज गोड आवाजात "कमी केला आहे" सांगत होता. कसला कळकट माणूस! मला विचारलं, तुमच्या लक्षात आलं होतं का? मी म्हटलं, हो. का बोलला नाहीत? उत्तर होतं, पण चौकशीत सांगण्यासारखं नव्हतं. त्याची भाषा चांगली होती म्हणून, असं कुठं सांगतात?

मग तथास्तु. मला वाटलं, हा काय बोलणार! खुर्चीच्या कडेवर बसला होता, अर्धं अंग बाहेर.

"बार्जनं नांगर टाकल्याचं कळवलं होतं का?"

तो माझ्याकडे बघेना. "पूर्ण नाही कळवता आलं. त्यानं हाक मारली. 'कंट्रोल, बार्ज, आम्ही इथं' एवढं म्हणाला. मॅडम दुसऱ्या जहाजाशी बोलत होत्या. त्या म्हणाल्या, 'थांबा.' मग विसरल्या."

"तुम्ही ऐकलंत?"

"हो."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

तो आणखी कडेला सरकला. मग म्हणाला, "मी बोलायला लागलो की मॅडमना आधीच माहीत असतं."

मी उभी राहिले. मी म्हणणार होते की हा माणूस खोटारडा आहे, नेभळट आहे, माझ्यावर डूख धरून आहे. सर्दीवाल्यानं रुमाल खाली ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, वायरलेसची रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. ऐकायची आहे का?"

मी बसले. म्हटलं, "नको."

२० डिसेंबर

थांबा.

इतका छोटा शब्द आहे की म्हणताना लक्षातही राहत नाही.

२८ डिसेंबर

पाल्हाळाच्या घरी गेले. बंदरामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. जिना अंधारा, कठडा हलणारा. त्याच्या बायकोनं दार उघडलं, बाजूला झाली. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. माझ्यासारख्या पाहुणीला मी पाणी दिलं नसतं.

तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी जिन्यातच सांडली. म्हटलं, "मी 'थांबा' म्हटलं होतं. तुम्ही खरं बोललात. मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"हो," तो म्हणाला.

"माझं चुकलं."

"ठीक आहे."

"पायाचं काय म्हणतात डॉक्टर?"

"बसवतील नवा."

"आणि मेहुणा?"

"बरा आहे."

मी वाट बघितली. एरवी या एका प्रश्नावर त्यानं मेहुण्याची कुंडली मांडली असती. बोयाला कसा धरून राहिला, पाणी किती गार होतं, आता खोकला कसा आहे. तो भिंतीकडे बघत होता. त्याची बायको हळूच म्हणाली, "बोलतच नाहीत हल्ली. पूर्वी मला म्हणायला लागायचं, अहो, जेवताना तरी गप्प बसा."

मी आणखी थोडा वेळ बसले. पाणी संपवलं. तो नम्रपणे म्हणाला, "अजून काही विचारायचंय?"

नाही म्हटलं आणि उठले. जिना उतरताना कठडा धरला. हलत होता तरी धरला.

६ जानेवारी

निकाल लागला. इस्त्रीचा परवाना काढून घेतला. पाल्हाळाला नवी बार्ज विम्यातून मिळणार, पण बंद पडल्यावर दुसऱ्यांदा हाक न मारल्याचा ठपका त्याच्यावरही ठेवलाय. हे वाचून मी हसले. ज्यानं माझी आज्ञा पाळली त्याला शिक्षा.

मला लेखी ताकीद. जागा मात्र माझ्याकडेच. साहेब म्हणाले, "तुमच्यावर आमचा विश्वास आहे." याचा अर्थ, ती खुर्ची घ्यायला दुसरं कुणी तयार नाही. मी राजीनामा लिहून ठेवला होता. तो फाडला. पळून जाणारे लोक मला कधी आवडले नाहीत, मी त्यातली एक झाले तर स्वतःला काय नाव ठेवू?

संध्याकाळी जेवताना मुलीला विचारलं, नर्सिंगचं कसं चाललंय. ती बापाकडे बघायला लागली, जणू मी परकी भाषा बोलले. मग म्हणाली, "चांगलं." आणि थोड्या वेळानं, "आज पहिल्यांदा एका आजींना इंजेक्शन दिलं. माझा हात…" माझ्या जिभेवर "थरथरला असेल" आलं होतं. दातांखाली धरलं. ती म्हणाली, "माझा हात अजिबात हलला नाही." चूक ठरले असते मी.

१० जानेवारी

नियम बदलले. शिरताना सांगा, थांबलात तर सांगा, बाहेर पडलात तर सांगा, आणि जे दिसेल ते सांगा. टॉवरमध्येही नवा नियम: कुणीही "थांबवा" म्हटलं की वळण बंद. का म्हणून विचारायचं नाही. आधी बंद, मग बोलणं.

सगळ्यांना बोलावून समजावलं. कॅप्टन मंडळींनी माना डोलावल्या. मला माना डोलावणाऱ्यांची आता धास्ती वाटते. शेवटी म्हटलं, "काही विचारायचंय?" कुणी हललं नाही. "सांगायचंय?" एकानं घड्याळ बघितलं.

चॅनलवर अजून शांतताच आहे. "बोट. वळणात." "बोट. बाहेर." तेवढंच. मी मध्ये मध्ये विचारते, "टेकडीपाशी धुकं कसं आहे?" उत्तर येतं, "आहे." मेले सगळे इस्त्री झालेत. एका वाक्यात गप्प बसवलं होतं मी यांना. बोलतं करायला किती वाक्यं लागणार, देव जाणे.

१५ जानेवारी

पुन्हा दाट धुकं. बाहेर धान्याचं मोठं जहाज वाट बघत होतं. वळण रिकामं होतं, दोनदा खात्री केली होती. मी "या" म्हणायला बटण दाबलं आणि मागून आवाज आला.

"थांबवा."

तथास्तु. उभा होता. चेहरा पांढराफटक.

मी बटण सोडलं. जहाजाला थांबायला सांगितलं. बाहेरचा कॅप्टन वैतागला, साहेबांचा फोन आला, मी तो उचलून पुन्हा ठेवला. "काय दिसतंय?" विचारलं.

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. टेकडीखाली एक फिकट डाग. "हलत नाहीये मॅडम. माझ्या मते होडी आहे."

मला एका क्षणात कळलं की ती होडी नाही. कडा पसरट, कधी दिसतोय, कधी विरतोय. बारा वर्षं जहाजावर आणि नंतर टॉवरमध्ये असले डाग बघितलेत मी. पाण्यावर बसलेले पक्षी. मी काही बोलले नाही. बंदराची लहान बोट बघायला पाठवली. ती सावकाश भोंगा वाजवत गेली. सगळा टॉवर वाट बघत बसला, बाहेरचं जहाज वाट बघत राहिलं, आणि कुणाचीही नजर माझ्याकडे वळत नव्हती. शेवटी वायरलेसवर आवाज आला, "कंट्रोल, पक्षी आहेत. उडाले."

तथास्तु खाली बसला. कानांच्या पाळ्या लाल. माझ्या तोंडात पाच वाक्यं तयार होती, पाचही धारदार. एक तर इतकं सुरेख होतं की आत्ता लिहितानाही हात शिवशिवतोय.

मी म्हटलं, "बरं केलंत सांगितलंत. पुन्हा असं काही दिसलं तर पुन्हा सांगा."

जहाज आत आलं, सुखरूप धक्क्याला लागलं. तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "मॅडम, आणखी एक सांगू?"

"सांगा."

त्यानं सुरुवात केली. पक्षी हिवाळ्यात कुठून येतात, त्याच्या भावाला पक्ष्यांचा कसा नाद, भावानं एकदा दुर्बीण कशी हरवली, ती कुठं सापडली, सापडल्यावर वहिनी काय म्हणाली. मधेच मागे जाऊन त्यानं दुर्बिणीचा रंग दुरुस्त केला. इतका कंटाळवाणा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही.

मी शेवटपर्यंत ऐकलं.